घरीच शिकणाऱ्या लेकरांसोबत रोजचं बायबल-वाचन: किती, कोणतं, कसं?

पूर्णाकाठ

प्रभूत सलाम. आम्ही परभणी जिल्ह्यात राहतो. तिन्ही लेकरं घरीच शिकतात, वयं ५, ८ आणि १२. रात्री जेवणं झाली की कौटुंबिक प्रार्थना असते. एक गीत, मग एक पूर्ण अध्याय, त्यातलं एकेक वचन प्रत्येकाने आळीपाळीने वाचायचं, मग "यातून काय शिकलो?" हा प्रश्न आणि शेवटी प्रार्थना. पाऊण तास सहज जातो. धाकटा पेंगतो, मधला चुळबुळतो आणि मोठी रोज एकच उत्तर देते: "देवावर विश्वास ठेवावा." सासूबाईंना वाचता येत नाही, पण त्या न चुकता बसतात.

विचारायचं हे की एका बैठकीत किती वाचावं? तिघांसाठी एकच पुस्तक चालेल का? मंडळीत (चर्चमध्ये) जुनं 'पवित्र शास्त्र', म्हणजे बायबलचं जुनं मराठी भाषांतर, वाचतात, पण लेकरांना त्यातली भाषा जड जाते, मग घरी कोणतं भाषांतर धरावं? पाठांतर आठवडाभर टिकतं आणि मग पार विसरतं, त्याला काय करावं? आणि एक इंग्रजी होमस्कूल संच घ्यायचा विचार चालू आहे, तो घ्यावा का?

वट्ट्यावरून

ताई, सलाम. आधी वेळ कमी करा. पाच वर्षांच्या लेकराला पाऊण तास फार होतो आणि तेही पोट भरल्यावर. बैठक वीस मिनिटांची ठेवा: गीत ३ मिनिटं, वाचन ७-८, परत सांगणं ५, प्रार्थना ३-४. जेवणाच्या आधी बसता आलं तर फारच बरं. एप्रिल-मेमध्ये रात्री घरात थांबवत नाही, तेव्हा सकाळी सातच्या आत उरकलेलं चांगलं.

एकेक वचन आळीपाळीने वाचणं मात्र आजपासून बंद करा. तसं वाचताना लेकरू ऐकत नसतं. आपला नंबर कुठे येतो ते मोजत असतं, आणि आपलं वचन वाचून झालं की मोकळं होतं. शिवाय आठ वर्षांचा अडखळत वाचतो तेव्हा प्रसंगाचा धागाच तुटतो. वाचणारा एकच हवा, आई किंवा बाबा. वाचणाऱ्याने तो भाग आदल्या दिवशी एकदा मोठ्याने वाचून ठेवावा. नबुखद्नेस्सर, मफीबोशेथ अशी नावं ऐनवेळी अडली की सगळी बैठक हसण्यावारी जाते. बारा वर्षांच्या मुलीला आठवड्यातून एक दिवस पूर्ण वाचन द्या, तिनेही आधी तयारी करायची.

किती वाचायचं ते अध्यायावर ठरवू नका, प्रसंगावर ठरवा. अध्यायांचे आकडे मूळ लिखाणात नव्हतेच, ते तेराव्या शतकात पडले. मार्क ५ घ्या, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा पाचवा अध्याय. ४३ वचनं आहेत. १ ते २० हा गरसेकरांच्या देशातल्या भूतग्रस्ताचा प्रसंग, ती एक रात्र. २१ ते ४३ मात्र तोडू नका. याईराची मुलगी मरायला टेकलेली आहे, बाप घाईत आहे, आणि वाटेत बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली बाई येऊन वस्त्राला शिवते. येशू तिथे थांबतो, आणि तो थांबलेला असतानाच मुलगी गेल्याचा निरोप येतो. मार्कने एक गोष्ट दुसरीच्या पोटात ठेवली आहे. ३४व्या वचनावर पुस्तक मिटलं तर याईराची घालमेल लेकरापर्यंत पोचतच नाही. मुलगीही बारा वर्षांची होती हे मार्क अगदी शेवटी, ४२व्या वचनात सांगतो. ते तुम्ही दाखवून देऊ नका, तुमची मोठी पकडते का बघा.

वाचून झालं की "काय शिकलो?" विचारू नका. "काय झालं ते सांग" म्हणा. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेने (१८४२-१९२३) हीच पद्धत रुजवली: एकदाच वाचायचं आणि लेकराने आपल्या शब्दांत परत सांगायचं. साधारण सहाव्या वर्षापासून हे जमतं. म्हणून धाकट्याला विचारू नका, त्याने आपणहून सांगितलं तर ऐकून घ्या. आठ वर्षांच्याला पहिला मान द्या, कारण मोठी आधी बोलली तर त्याला सांगायला काही उरत नाही. मोठीने त्याचं राहिलेलं भरून काढायचं, आणि शनिवारी आठवड्यातला एक प्रसंग वहीत ८-१० ओळींत लिहायचा. सांगताना मध्ये दुरुस्त करू नका. चुकलं असेल तर शेवटी पुस्तक उघडून ती दोन वचनं पुन्हा वाचा, लेकरू स्वतःच सुधारतं. बोध रोज मागितला की तयार उत्तर येणारच, कारण कुठल्याही वचनाला चालेल असं एक उत्तर लेकरू शोधून ठेवतं. सासूबाईंनाही सांगायला बसवा. वाचता न येणारं माणूस कानाने ऐकून फार नेमकं धरून ठेवतं. नातवंडं आजीला तपासायला लागली की लक्ष आपोआप टिकतं.

भाषांतराबद्दल माझं मत पक्कं आहे: ऐकण्याला सोपं, पाठांतराला मंडळीतलं. गोष्टीचा भाग सोप्या मराठीतून वाचा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' वाचायला ओघवतं आहे, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला. (२०२० च्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच.) त्यात कॅथलिक बायबलची ७३ पुस्तकं आहेत, तुमच्या घरच्या बायबलात बहुधा ६६ असतील. जादा पुस्तकं बघून लेकरं विचारतील, म्हणून हे आधीच सांगून ठेवा. पाठांतर मात्र मंडळीत वाचतात त्याच भाषांतरातून करा. लेकराने घरी एक शब्दरचना पाठ केली आणि रविवारी पाळकसाहेबांनी दुसरी वाचली की लेकरू गोंधळतं आणि दोन्हीही विसरतं.

प्रार्थनेबद्दल एकच. प्रत्येकाने एक वाक्य म्हणायचं, धाकट्यानेही. आणि मोठ्यांनी प्रार्थनेतून लेकरांना टोमणे देऊ नयेत. "हे प्रभू, याला आईचं ऐकायची बुद्धी दे" हे लेकराला बरोबर कळतं, आणि पुढे प्रार्थनेची वेळ म्हटलं की ते अंग चोरतं.

सुगीवाला

वरचं बहुतेक पटलं. कोणतं पुस्तक हे राहिलं, ते लिहितो.

तिघांना एकच पुस्तक चालतं. मार्कपासून सुरू करा: १६ अध्याय, सगळ्यांत लहान शुभवर्तमान (येशूचं चरित्र सांगणारं पुस्तक), आणि प्रसंग भराभर पुढे जातात. आठवड्यात पाच बैठका आणि दर बैठकीला साधारण अर्धा अध्याय धरला तर साडेसहा आठवड्यांत पूर्ण होतं. पुढे उत्पत्ती, मग निर्गम १ ते २०, मग रूथ, मग १ शमुवेल. दोन जुन्या करारातली पुस्तकं झाली की मध्ये एक शुभवर्तमान यावं.

आपल्याकडच्या हंगामाशी पुस्तक जोडलं तर अर्धं समजावणं वाचतं. मार्क ४ मधला पेरणारा मृगाच्या आसपास घ्या. शेतकऱ्याचं लेकरू हटकून विचारणार की हा माणूस वाटेवर आणि खडकावर बी कशाला टाकतो? तिफणीने पेरलेलं बी चाड्यातून सरळ तासात पडतं, वाटेवर जातच नाही. तेव्हा सांगा की तिकडे बी हाताने फोकून पेरत, आणि रानातून पायवाट गेलेली असे. मूठभर साळी किंवा गहू घेऊन अंगणात फोकून दाखवा. चार दाणे फरशीवर, चार दगडात, चार मातीत जातात. एवढं दाखवलं की दृष्टांत समजावावा लागत नाही.

रूथ फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या, ज्वारीच्या सुगीत. चारच अध्याय आहेत, चार रात्री. काढणी झालेल्या रानात सरवा वेचणाऱ्या बाया लेकरांनी पाहिलेल्या असतात. आधी लेवीय १९:९-१० वाचा: शेताचा कोपरा पार कापू नको, गळालेलं वेचू नको, ते गरिबाला आणि उपऱ्याला राहू दे. मग रूथ २. शेताचा मालक बवाज गड्यांना पेंढ्यांतून मुद्दाम काही ओढून टाकायला सांगतो, म्हणजे नियमापेक्षा जास्त देतो. रूथने दिवसभर वेचून झोडपलेलं जव एक एफाभर निघालं. एफा म्हणजे साधारण २२ लिटर. घरातल्या वीस लिटरच्या पाण्याच्या जारकडे बोट दाखवा, लेकरांना ढीग दिसतो.

गणिताचा तासही इथेच वसूल होतो. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर. नोहाचं तारू ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच: १३५ मीटर, साडेबावीस मीटर आणि साडेतेरा मीटर. मोकळ्या रानात सुतळीने १३५ मीटर मोजून दोन्ही टोकांना लेकरं उभी करा. कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवायची पेटी) अडीच हात लांब, दीड रुंद, दीड उंच, तो जमिनीवर खडूने काढता येतो. दावीदाशी लढलेला धिप्पाड गल्याथ सहा हात एक वीत, म्हणजे २ मीटर ९० सेंटिमीटरच्या आसपास, तो भिंतीवर शिडी लावूनच काढावा लागेल. मोठीने प्रत्येक माप स्वतःच्या हाताने मोजावं आणि ४५ च्या हिशेबाशी फरक किती येतो तो काढावा.

वाचताना धाकट्याच्या हाताला काम द्या. भुईमुगाच्या शेंगा फोडणं उत्तम, आवाज होत नाही आणि डोळे गुंतत नाहीत. चित्र रंगवायला दिलं तर रंगासाठी भांडण लागतं.

पाटीपुस्तक

पाठांतर विसरतं कारण नवं वचन आलं की जुन्याची उजळणी थांबते. त्यासाठी पेटी करा. बुटांचा रिकामा खोका आणि जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद पुरतो. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूला साधारण साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं कार्ड कापा. कार्डावर वर संदर्भ, खाली वचन.

खोक्यात ४१ दुभाजक लागतात: "रोज" हा १, "सम" आणि "विषम" हे २, सोमवार ते रविवार ७, आणि १ ते ३१ तारखा. रोज चार कप्प्यांतली कार्डं म्हणायची. उदाहरणार्थ आज मंगळवार, १४ तारीख असेल तर रोज, सम, मंगळवार आणि १४.

नवं वचन "रोज" कप्प्यात जातं. पहिल्या दिवशी तुम्ही पाच वेळा म्हणा, लेकरांनी फक्त ऐकायचं. दुसऱ्या दिवशी सोबत म्हणायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाटीवर लिहून दरवेळी दोन शब्द पुसत जायचं. न अडखळता आलं की कार्ड सम किंवा विषममध्ये सरकवा, तिथे दोनेक आठवडे, मग एखाद्या वाराखाली दोन महिने, मग तारखेखाली. तारखेत गेलेलं वचन महिन्यातून एकदा म्हटलं जातं आणि वर्षानुवर्षं टिकतं.

ही पेटी कुठे बिघडते तेही सांगते. "रोज"मध्ये एका वेळी एकच कार्ड हवं. उत्साहात पाच-सहा टाकली की दहा मिनिटं नुसत्या पाठांतरात जातात आणि लेकरं पेटी पाहिली की तोंड फिरवतात. दुसरं, संदर्भ वचनाआधी आणि नंतर दोन्हीकडे म्हणून घ्या, नाहीतर वचन येतं पण कुठलं ते सांगता येत नाही. तिसरं, तारखेच्या कप्प्यातलं वचन कुणी विसरलं असेल तर रागावू नका, कार्ड परत "रोज"मध्ये टाका.

सुटी वचनं गोळा करत बसण्यापेक्षा अख्खे भाग पाठ करा. स्तोत्र २३ (६ वचनं), स्तोत्र १ (६ वचनं), मत्तय ६:९-१३ ची प्रभूची प्रार्थना, मग स्तोत्र ८ आणि १२१. स्तोत्र ११७ मध्ये दोनच वचनं आहेत, पाच वर्षांच्याला पूर्ण स्तोत्र येतं म्हणून फार आनंद होतो. आणि जे पाठ होत नाही ते गाऊन होतं. नारायण वामन टिळकांची भजनं अभंगाच्या चालीवर बसतात, 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात आहेत. महिन्याला एकच गीत धरा आणि सगळी कडवी येईपर्यंत सोडू नका.

पूर्णाकाठ

मनापासून आभार. शेंगा आजच काढते. आणखी एक अडचण. लेकरांना प्रश्नोत्तरी (प्रश्न-उत्तरांतून धर्मशिक्षण) शिकवायची आहे, पण माझं माहेर कॅथलिक आणि सासर प्रोटेस्टंट. सुट्टीत आजोळी गेलं की "आईबापाचा मान राख" ही तिथे चौथी आज्ञा, इकडे पाचवी. मोठी म्हणते कुणाचं तरी चुकलंय.

जुनी मंडळी

कुणाचंच चुकलेलं नाही. निर्गम २० मध्ये आज्ञा दहा आहेत पण त्यांना आकडे घातलेले नाहीत, विभागणी नंतरची. कॅथलिक आणि लूथरन परंपरेत "अन्य देव नसावेत" आणि "मूर्ती करू नको" मिळून पहिली आज्ञा धरतात आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेच्या दोन करतात. बाकीच्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या पहिलीच्या दोन करतात आणि लोभाची एकच ठेवतात. म्हणून मधले सगळे आकडे एकाने सरकतात. मोठीला निर्गम २०:१-१७ वहीत उतरवून दोन रंगांच्या पेन्सिलींनी दोन्ही आकडे घालू द्या, अर्ध्या तासात तिचं समाधान होईल. लहान दोघांना आकडा न सांगता आज्ञाच शिकवा.

जुन्या कॅथलिक पुस्तकांत स्तोत्रांचे आकडेही १० ते १४७ च्या दरम्यान बहुतेक ठिकाणी एकाने कमी असतात. आजोळच्या प्रार्थनापुस्तकात मेंढपाळाचं स्तोत्र २२ म्हणून दिसलं तर तेही छापखान्याची चूक नाही.

प्रश्नोत्तरीचा क्रम: आधी दहा आज्ञा, मग प्रेषितांचा मतांगीकार (विश्वासाची जाहीर कबुली), मग प्रभूची प्रार्थना, मग बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. लूथरने १५२९ मध्ये छोटी प्रश्नोत्तरी लिहिली ती याच क्रमाने, आणि प्रत्येक भागाच्या माथ्यावर कुटुंबप्रमुखाने हे आपल्या घरच्यांना कसं शिकवावं असा मजकूर आहे. म्हणजे हे काम मुळात घरचंच. वेस्टमिन्स्टरची लघुप्रश्नोत्तरी (१६४७) १०७ प्रश्नांची आहे. आठवड्याला दोन धरले तर साधारण वर्षभरात बसते, पण सरसकट लावू नका. बारा वर्षांच्या मुलीला आठवड्याला एक पुरे. ४१ ते ८१ हे आज्ञांवरचे प्रश्न आणि ९९ ते १०७ हे प्रभूच्या प्रार्थनेवरचे आधी घ्या, कारण मूळ मजकूर तिला येत असतो. पहिले काही प्रश्न देवाच्या स्वरूपाचे आहेत, ते अर्थ न कळता घोकले जातात.

प्रश्नोत्तरी रात्रीच्या वाचनात मिसळू नका. ती सकाळच्या अभ्यासात, दहा मिनिटं, गणित-मराठीसारखी. रात्री फक्त ऐकणं आणि प्रार्थना. दोन्ही एकत्र केलं की वाचनाची परीक्षा होते. आणि उत्तर पाठ झालं की एक उलट प्रश्न विचारावा: "चोरी करू नको" या आज्ञेत मापात मारणं येतं का? मजुराची मजुरी अडकवणं येतं का? त्या उत्तरावरून खरं कळलं की नाही ते दिसतं.

बेथेलवाट

संचाबद्दल. बहुतेक इंग्रजी संच ३६ आठवड्यांचे आखलेले असतात आणि त्यातला इतिहास, नाणी, मापं, झाडं-पक्षी सगळं अमेरिकेचं. मराठी हा विषयच नसतो. महागडा संच घेऊन त्यातलं अर्धं वगळत बसण्यापेक्षा तो पैसा मराठी पुस्तकांत आणि एका चांगल्या नकाशात घाला. बायबलच्या मागे नकाशे असतात, पण ते फार बारीक. पौलाचे प्रवास भिंतीवरच्या नकाशावर सुतळी-टाचणीने काढले तर प्रेषितांची कृत्ये १३ ते २८ नीट कळतात.

मोठीला इतिहासासाठी आपल्याच मातीतली माणसं द्या. पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' बारा वर्षांच्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवा, रोज चार-पाच पानं. घर हसतं, आणि १८९५ मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर एका घराचं काय झालं ते कुणी उपदेश न करता समजतं. जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तुमच्याकडून जालना लांब नाही, एक दिवस लेकरांना दाखवून आणा.

अवघड भागांचं विचारलं नाहीत, पण उत्पत्ती घेतलंत की आठवड्याभरात ते येणारच. पाच आणि आठ वर्षांच्यांसमोर उत्पत्ती १९ चा उत्तरार्ध, ३४ आणि ३८, शास्ते १९, २ शमुवेल १३ वगळा. वगळताना सरळ सांगा: "हा भाग तुम्ही मोठे झालात की वाचू." वाचता वाचता मजकूर बदलू नका. मोठी पुढे स्वतः वाचेल तेव्हा आईने बदलून वाचलं होतं हे तिला कळतं आणि बाकीच्या वाचनावरचाही भरवसा जातो. २ शमुवेल ११ आणि १२ मात्र मोठीला वेगळं बसवून वाचा, दोन्ही एकाच बैठकीत. दावीदाचं पाप वाचून थांबलात आणि नाथानाची मेंढीची गोष्ट दुसऱ्या दिवसावर टाकली तर अर्धाच निरोप पोचतो. वंशावळ्या वगळा, फक्त मत्तय १ सोडून. तिथे चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे आहेत, आणि मरीयेच्या आधी चार बाया येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. त्या कोण हे मोठीने शोधून आणावं.

धर्मशिक्षणाची वही वेगळी ठेवा. पुढे दहावीला मुक्त विद्यालयातून (एनआयओएस, १४ वर्षं पूर्ण लागतात, मराठी माध्यम आहे) किंवा राज्य मंडळाच्या १७ नंबरच्या फॉर्मवर (खासगी विद्यार्थी म्हणून) बसायचं तर भाषा, गणित, विज्ञान यांचे तास रोजचे लागतील. बायबलचं वाचन कितीही झालं तरी ते मराठीच्या व्याकरणाचं काम करत नाही.

पूर्णाकाठ

डिसेंबरमध्ये लूकचं शुभवर्तमान घ्यायचा विचार आहे. २४ अध्याय, १ ते २४ तारीख, रोज एक. बसेल ना?

वट्ट्यावरून

आकडा जुळतो पण पहिल्याच दिवशी अडतं. लूक १ मध्ये ८० वचनं आहेत, एका बैठकीत लहानांना झेपत नाहीत. २९ नोव्हेंबरला सुरू करा: त्या दिवशी १ ते २५ (जखऱ्या मंदिरात), ३० ला २६ ते ५६ (मरीया आणि अलीशिबा), १ डिसेंबरला ५७ ते ८० (योहानाचा जन्म). २ डिसेंबरपासून तारीख आणि अध्याय जुळतात. ९, १२ आणि २२ हेही लांब आहेत, त्या दिवशी अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी. २४ च्या संध्याकाळी अध्याय २४ म्हणजे पुनरुत्थान येईल. ते वाचा, आणि रात्री चर्चला निघण्याआधी २:१-२० पुन्हा घ्या, पण या वेळी पुस्तक न उघडता. चार दिवस आधी सासूबाईंना सांगून ठेवा की तो भाग त्यांनी सांगायचा आहे.